बारवेच्या पायऱ्यांवरचे हायड्रा मोजताना

आमच्याकडे प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यांचे प्रकल्पाचे विषय साधारण ठरलेले असतात. तलावातले मासे, कापसावरची बोंडअळी, नाहीतर खाटकाकडून आणलेल्या शेळीच्या आतड्यातले पट्टकृमी. पट्टकृमींवर तर मराठवाड्यात इतकं काम झालंय की कुठल्याही कॉलेजच्या विभागातलं जुनं कपाट उघडा, स्लाइडचे डबे निघणारच. मला मात्र देठाच्या जेलीफिशनं पछाडलं होतं. वर्गात त्यावर चर्चासत्र द्यायचं होतं म्हणून वाचायला घेतलं आणि तो प्राणी डोक्यातून जाईना.

जेलीफिश म्हटलं की तरंगणारी छत्री आठवते. हा गडी पोहतच नाही. खाली देठ, देठाच्या बुडाला चिकटायची चकती, वर पेल्याच्या आकाराचं अंग आणि पेल्याच्या काठाला आठ हात. प्रत्येक हाताच्या टोकाला गोळेदार शुंडकांचा, म्हणजे भक्ष्य धरायच्या बारीक सोंडांचा झुपका. उंची बहुतेकांची काही सेंटिमीटरच. जगात याच्या जेमतेम पन्नासेक जाती असतील, त्याही बहुतेक थंड आणि समशीतोष्ण समुद्रांत, खडकाळ किनाऱ्यावरच्या शेवाळाला किंवा सागरी गवताला धरून राहणाऱ्या. 2004 साली अभ्यासकांनी यांना इतर जेलीफिशांपासून वेगळं काढून स्टॉरोझोआ असा स्वतंत्र वर्ग दिला. मला खिळवून ठेवलं ते याच्या अळीनं. जेलीफिश, प्रवाळ, हायड्रा ज्यात येतात त्या सिनिडारिया संघातल्या बाकीच्या प्राण्यांच्या अळ्यांना अंगभर बारीक केस असतात, त्यांच्या जोरावर त्या पोहतात. याच्या अळीला ते केसच नाहीत. ती सरपटते, जवळच कुठेतरी टेकते आणि तिथेच वाढते. म्हणजे जन्मभरात कुठल्याच टप्प्यावर धड पोहणं नाही. शेवाळाचा तुकडा तुटून वाहत गेला तर त्यावर बसून प्रवास होईल तेवढाच. मग एखाद्या खडकावर यांची संख्या वाढली किंवा संपली, तर कारण त्या खडकावरच शोधायला हवं.

अभ्यासाची पद्धत ऐकायला सोपी आहे. चिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर किंवा ब्रिटनमध्ये लोक ओहोटीला खडकांवर उतरतात, ठराविक मापाची चौकट टाकतात आणि चौकटीतल्या शेवाळावर किती प्राणी आहेत, केवढे आहेत, हे महिन्यामागून महिने लिहीत जातात. बारके जास्त दिसले तर नवी पिढी आली. नुसते मोठेच उरले तर भर थांबली.

आता परभणी जिल्ह्यात बसून हे कसं करायचं? समुद्र बघायचा तर देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्र काढून मुंबई गाठायची, आणि तिथेही हा प्राणी भेटेलच असं नाही. सरांसमोर कुरकुर केली तर ते म्हणाले, "अगं, प्राणी बदल. प्रश्न कशाला बदलतेस?"

त्याच संघातला, गोड्या पाण्यातला, देठासारखा, चिकटून राहणारा आणि मुक्त पोहणारी अळी नसलेला प्राणी म्हणजे हायड्रा. बारावीच्या पुस्तकात त्याची आकृती सगळ्यांनी काढलेली असते, जिवंत बघितलेला फार थोड्यांनी. मीही तोवर रंगवलेली स्लाइडच बघितली होती.

जागेची निवड सोपी झाली. सेलू-जिंतूरकडच्या आमच्या गावाबाहेर जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे. या पट्ट्यात बारवा काही कमी नाहीत. वालूरची गोल फिरत उतरणारी बारव आता बरीच माहीत झालीय, चारठाण्याचीही लोक बघायला जातात. आमची साधी आहे. काळ्या बेसाल्टचे घडीव दगड, तीन बाजूंनी उतरत्या पायऱ्या, मधल्या टप्प्यावर दोन देवकोष्ठ. त्यातल्या एकातली मूर्ती गेलीय, दुसऱ्यातल्या देवाला शेंदूर इतका चढलाय की तो कोण हे कुणीच सांगू शकत नाही. पावसाळ्यात पाणी देवकोष्ठांच्या वर येतं. दसऱ्यापासून उतरायला लागतं. रब्बीला मोटारी सुरू झाल्या की, आणि आसपास बोअर इतके झालेत की, संक्रांतीनंतर दर आठवड्याला नवी पायरी उघडी पडते.

पहिलं काम, हायड्रा आहेत का ते बघायचं. यासाठी उपकरण लागत नाही, धीर लागतो. पाण्यातली हायड्रिला नावाची वेल, बुडालेली पानं, पायरीवरचं शेवाळ असं सगळं त्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत भरायचं, बरणी खिडकीत ठेवायची आणि हात लावायचा नाही. काही तासांनी उजेडाच्या बाजूच्या काचेवर बारीक तपकिरी धागे लोंबायला लागतात. भिंग धरलं की शुंडके दिसतात, पाच-सहा. बरणीला टिचकी मारली की सगळा प्राणी आवळून टाचणीच्या डोक्याएवढा गोळा. बरणी साबणाने धुवायची नाही, तांब्याचं भांडं जवळही आणायचं नाही. तांब्याचा अंश हायड्राला अगदी थोडाही सोसत नाही. घरी पाणी तांब्याच्या हंड्यात भरायची आईची सवय, त्यामुळे माझ्या बरण्यांसाठी वेगळी प्लास्टिकची बादली आली आणि तिला कुणी हात लावायचा नाही असा नियम झाला.

आमचे हायड्रा तपकिरी होते. पोटात शैवाल पाळणारे हिरवे एकदाही दिसले नाहीत. जात ठरवायला दंशपेशींच्या आतल्या कोषांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी 2011 साली आपल्याकडच्या नेहमीच्या हायड्राचं वर्णन प्रसिद्ध केलं, ते हायड्रा व्हल्गॅरिस या जातीत बसतं. आमचेही त्याच वळणाचे. प्रबंधात मात्र आम्ही जपून 'हायड्रा व्हल्गॅरिस गटातले' एवढंच लिहिलं.

मोजणीचे नियम ठरवताना सरांशी माझे बरेच वाद झाले. जेलीफिशवाले पेल्याची रुंदी मोजतात आणि त्यावरून लहान-मोठे गट पाडतात. हायड्राला लांबी अशी नाहीच. ताणला की सेंटिमीटरभर, दचकला की मिलिमीटर. गुंगी देऊन मोजता येतो, पण पायरीवर बसून शेकड्यांना गुंगी कोण देणार? त्याहून मोठी अडचण मुकुलांची. चांगलं खायला मिळालं की हायड्राच्या अंगातून दुसरा हायड्रा फुटतो, त्याला शुंडके येतात, तो स्वतः भक्ष्य पकडायला लागतो आणि अजून आईला जोडलेलाच असतो. हा एक की दोन? जेलीफिशच्या कामात बारकं पिल्लू म्हणजे बहुतेक वेळा अंड्यातून आलेला नवा जीव. इथे मात्र एका पायरीवरचे सगळे हायड्रा एकाच आईच्या अंगाचे तुकडेही असू शकतात. शेवटी ठरलं असं: सुटलेले वेगळे मोजायचे, जोडलेले मुकुल वेगळ्या रकान्यात, आणि लांबीच्या भानगडीत पडायचं नाही. किती हायड्रांवर मुकुल आहेत हेच वाढीचं माप.

दगडावर मोजणं हे दुसरं प्रकरण. तारेची दहा बाय दहा सेंटिमीटरची चौकट केली होती. पाण्याखालच्या पायरीवर ती धरून काळ्या दगडावरचा तपकिरी प्राणी वरून बघायचा म्हणजे डोळ्यांची परीक्षा. म्हणून चौकटी फक्त वीतभर पाण्यातल्या पायऱ्यांना वापरल्या आणि खोल भागासाठी सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या दोरीला बांधून सोडल्या. आठवडाभर राहिल्या की त्यांच्यावर शेवाळाचा पापुद्रा येतो, हायड्रा येऊन बसतात. हळूच वर काढायच्या, पाणी भरलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवायच्या, प्राणी उमलेपर्यंत थांबायचं आणि मोजायचं.

दोरी कशाला बांधायची, हा प्रश्न मला किरकोळ वाटला होता. सगळा प्रकल्प त्याच्यावरच उभा राहिला. समुद्राच्या खडकावर पाणी दिवसातून दोनदा उतरतं आणि परत येतं. वरच्या खडकावरच्या प्राण्याला काही तास कळ काढायची असते. बारवेत ओहोटी लागते ती दसऱ्याला, आणि भरती येते ती पुढच्या आषाढ-श्रावणात. उघडी पडलेली पायरी उघडीच राहते. म्हणून दोऱ्यांचे दोन संच केले. एक भिंतीतल्या लोखंडी कडीला बांधलेला, म्हणजे जागेवर पक्का. दुसरा रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीला, म्हणजे पाण्याबरोबर खाली जाणारा. पहिला सांगणार की या पायरीवरच्या हायड्राचं काय होतं. दुसरा सांगणार की पृष्ठभागापासून अमुक खोलीवर जगणं कसं आहे.

दोऱ्या लोंबायला लागल्यावर गावात कुजबुज सुरू झाली. बारवेत काचा बांधून सोडल्यात, रोज एक पोरगी येऊन त्या वर काढते, पाण्याकडे टक लावून बघते आणि वहीत काहीतरी लिहिते. आमच्या भागात एवढ्यावरून भानामतीपर्यंत जायला वेळ लागत नाही. एका आठवड्यात कडीच्या दोऱ्यांपैकी निम्म्या गायब. चुलतभावानं चौकशी केली तर कळलं, कुणीतरी काढून लांब नेऊन पुरल्या होत्या, वर लिंबूही कापला होता. मग मी शाळेत जाऊन पाचवी ते सातवीच्या पोरांना बरणी दाखवली. टिचकी मारली की गोळा होणारा प्राणी बघून पोरं बेभान झाली. तेव्हापासून दोऱ्यांना कुणी हात लावला नाही. उलट बाटल्या कुठल्या कोपऱ्यात वाहत गेल्या हे पोरंच मला सांगत.

बारवेशेजारच्या शेतातली एक आजी रोज येऊन वरच्या पायरीवर बसायची. "काय शोधायलीस गं माय?" असं पहिल्या दिवशी विचारलं. मी बरणीत दाखवलं, हायड्रानं एक सायक्लॉप्स, म्हणजे पाण्यातला बारीकसा कवचधारी जीव धरला होता. तो पांढरा ठिपका बघून तिनं विचारलं, "ह्योच का तो नारूचा किडा?" मी चमकलेच. तिच्या सासऱ्याच्या पायातून नारू निघाला होता. काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा ओढायचा, मध्येच तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर उठायचा नाही, हे तिनं स्वतः बघितलेलं. नारूची अळी सायक्लॉप्सच्या पोटात वाढते. नारूची जखम घेऊन माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की अळ्या पाण्यात सुटतात, सायक्लॉप्स त्या खातो आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात रोग जातो. नारूनिर्मूलनाच्या मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, त्यांत सायक्लॉप्स मारायचं औषध टाकणं, पाणी फडक्याने गाळून प्यायला लावणं हे सगळं झालं. महाराष्ट्र तेव्हा नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आमच्या बारवेचं पिण्याचं पाणी त्या काळातच सुटलं, आजीच्या म्हणण्याप्रमाणे "औषध टाकणारे साहेब आले तवापासून". औषधानं तेव्हा सायक्लॉप्सबरोबर हायड्राचंही खाणं संपलं असणार. आज बारवेत सायक्लॉप्स भरपूर आहेत, फक्त नारू नाही.

पिण्याची विहीर वेगळी आहे, बारवेपासून हाकेच्या अंतरावर. ग्रामपंचायतीचा माणूस तिच्यात नेमानं टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतो. तिथेही मी काचपट्ट्या सोडल्या होत्या. एकही हायड्रा आला नाही, सायक्लॉप्सही नाही. पिणाऱ्यांसाठी ते चांगलंच आहे, आणि मलाही तुलनेला आयती विहीर मिळाली. दगड तोच, जमिनीतलं कठीण पाणी तेच, फरक क्लोरीनचा.

आता निकालाकडे येते. सरांना ज्याचं सर्वांत नवल वाटलं ते पायरीचं होतं. पायरीला दोन अंगं असतात, पाय ठेवायचं आडवं आणि समोरचं उभं. आडव्या अंगावर गाळाचा थर, तिथे चौकटीत जवळजवळ काहीच नाही. त्याच पायरीच्या उभ्या अंगावर, विशेषतः वरच्या दगडाच्या बाहेर आलेल्या कडेखाली, हायड्रांची दाटी. चिकटायच्या चकतीला स्वच्छ, टणक पृष्ठभाग लागतो, गाळावर तिची पकड बसत नाही. रिकामं देवकोष्ठ पाण्याखाली असेपर्यंत तर वरच्या छताला उलटे लटकलेले सापडत. समुद्रकिनाऱ्यावरही एकाच खडकावर वाळू साठणारी बाजू ओस आणि कपारीची बाजू भरलेली असं दिसतंच.

काळाचा आलेख मात्र फसवा निघाला. दिवाळीपासून पौषापर्यंत बाटलीच्या काचपट्ट्यांवर हायड्रा वाढतच गेले. पाणी वीस अंशांच्या आसपास होतं, ते त्यांना मानवतं, आणि मुकुलही भरपूर. चौकटीतला आकडाही चढता. एवढ्यावर थांबलं असतं तर 'हिवाळ्यात संख्या वाढते' असं एक वाक्य लिहून मोकळं होता आलं असतं. पण सरांनी टेप आणायला लावला. प्रत्येक पायरीची लांबी, उंची, रुंदी मोजून दर वेळी पाण्याखाली किती दगड उरलाय ते काढलं. पाणी उतरत होतं तसा चिकटायला उरलेला दगड झपाट्यानं घटत होता. आहे त्या हायड्रांपैकी काही खाली सरकत होते, आणि उरलेल्या थोड्या पाण्यात सायक्लॉप्स, डॅफ्निया दाटीनं कोंडले गेल्यामुळे खाणंही वाढलं होतं. म्हणजे चौकटीतली दाटी वाढत असतानाच पौषाच्या मध्यापासून बारवेतली एकूण वस्ती कमी व्हायला लागली होती. जागा आकसल्यामुळे आलेली गर्दी मी वाढ म्हणून लिहीत होते. जिथे पाण्याची पातळी महिनोन्‌महिने एकाच दिशेनं जाते, तिथे चिकट्या प्राण्याची दर चौरसातली संख्या एकटी काही सांगत नाही, शेजारी 'चौरस किती उरले' हा रकाना हवाच. मला या सगळ्या कामातून मिळालेलं हेच, आणि हे मला एखाद्या तळ्याच्या कामातून मिळालं नसतं. तळ्याच्या काठाला पायऱ्या नसतात. टेप लावावा असं सुचलंच नसतं.

कडीच्या दोऱ्यांचं चित्र वेगळंच. पट्टी उघडी पडायच्या आधीच्या दिवसांत तिच्यावरचे हायड्रा कमी व्हायचे. सगळे मरत नव्हते. काही सरकत जातात, काही बुडाच्या चकतीत वायूचा बुडबुडा धरून सुटतात आणि पृष्ठभागावर तरंगतात. बरणीत मी ते बघितलंय. हायड्रिलाच्या पानांवरच्यांना मात्र सुटका नव्हती. वेल पायरीवर पडला की दुपारपर्यंत सगळं वाळलेलं. 1998 मध्ये दानिएल मार्टिनेझ या अभ्यासकानं दाखवलं की चार वर्षं सांभाळलेल्या हायड्रांमध्ये म्हातारपणाची चिन्हं दिसत नाहीत, मरणाचा दर वाढत नाही. आमच्या बारवेत म्हातारं व्हायला वेळ कुणाला आहे?

माघात आणखी एक गोष्ट दिसली. मुकुल कमी झाले आणि काहींच्या अंगावर शुंडकांखाली टोकदार फुगवटे, म्हणजे वृषण, तर काहींच्या अंगावर खालच्या बाजूला अंडी आली. फलित अंड्याभोवती कठीण कवच येतं, ते सुटून खाली पडतं आणि वाईट दिवस त्यातच काढतं. फाल्गुनात पाणी तापायला लागलं, चैत्रात खालच्या चौकोनात गुडघाभर हिरवं पाणी राहिलं आणि त्यात बरणीमागून बरणी भरूनही एक हायड्रा मिळाला नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा ते मिळणारही नव्हते. पुढच्या पावसाळ्यानंतर जे दिसणार ते या अंड्यांतूनच.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हायड्राचं काहीच विचारलं नाही. बारव कोणत्या काळातली, यावरच दहा मिनिटं गेली. यादवकाळातली म्हणतात, असं मी सांगितलं. नंतर त्यांनी पायऱ्यांच्या मापांचा तक्ता उघडला आणि एवढ्या पायऱ्या खरंच टेपनं मोजल्या का, असं दोनदा विचारलं.

सध्या सरांकडे माझ्यामागची एक मुलगी गाळावर काम करतेय. वेगवेगळ्या पायऱ्यांवरचा वाळलेला गाळ कागदी पाकिटात भरून ठेवायचा, पावसाळ्यानंतर गाळलेल्या बारवेच्याच पाण्यात भिजवायचा आणि कुठल्या पायरीच्या गाळातून हायड्रा निघतात ते बघायचं. तिची घाई वेगळ्या कारणानं आहे. आमच्या भागात बारवा साफ करायची चांगली चळवळ उभी राहिलीय, आणि आमच्या गावच्या पोरांनी येत्या उन्हाळ्यात गाळ काढायचा ठरवलंय. मी त्यांना म्हटलं, सगळा काढा, पण खालच्या एका कोपऱ्यातला पाटीभर तेवढा ठेवा. त्यातल्या एकानं विचारलं, "ताई, एक पाटी की दोन, नीट सांगा. आमचं ट्रॅक्टर भाड्याचं हाय."